खांबाआडची म्हातारी

नर्सिंग होस्टेल, सोलापूर
१९ जानेवारी २०२५

आत्या,

पाया पडते, लांबूनच. अक्षर मोठं काढतेय, अंगणवाडीच्या फळ्यावर तू काढायचीस तेवढं. मेसेजची बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून परत तुझ्या शिव्या नकोत.

तुझ्या चिनी मालिकेचं आधी. माझा जुना फोन शेजारच्या यास्मीनताईंनी त्यांच्या वायफायला जोडून दिला हे बरं झालं, ब्लाऊज शिवता शिवता त्यांचंही बघून होईल. तू लिहिलंस की चित्रं झकास दिसतात, पण कोण कुणाला काय म्हणतं ते ओठांवरून काही लागत नाही. लागणार कसं, माणसं बोलतात चिनी आणि आवाज हिंदी. कान नसले म्हणून मालिका सोडायची नाही. चित्रं तू बघ, बोलणं मी लिहून पाठवते. ठरलं.

पहिले आठ भाग असे. ढगांच्या डोंगरावर एक राजघराणं आहे. तिथली माणसं चारचारशे वर्षं जगतात आणि तेवढी वर्षं एकमेकांना छळतात. राजा, राणी, दोन लेकरं. थोरली मुलगी लिंग-युए. धाकटा मुलगा ग्रहणात जन्मला म्हणून अंगात तेज नाही. थोरली शंभर वर्षं बर्फात उभी राहून तलवार शिकते, आईबाप एकदाही बघायला येत नाहीत. धाकट्यानं बसल्या जागी एक पणती पेटवली तर डोंगरभर मेजवानी. मला हसू आलं. दादा दहावीला दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा त्याला नवं दप्तर आलं, आणि त्याची ती जुनी दप्तरं मी बारावीपर्यंत वापरली. चिन्यांनी वळसंगला येऊन आमचं घर बघितलं की काय, असं वाटलं.

दादाचं अजून कुठं जमत नाही. एकोणीस ठिकाणं बघून झाली, त्याला तेहतिसावं वर्ष लागलं. शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा मेअखेर आहे. पास झाले की इथल्या एका दवाखान्यात घेतो म्हणालेत. हे मी घरात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा आई म्हणाली, "बरं. दादासाठी कुटं काय कळलं का?"

तुझी,
उत्कर्षा

---

वेळापूर
२७ जानेवारी २०२५

उत्कर्षा पोरी,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. ते लिंग-युए माझ्या जिभेला पेलत नाही. मी तिचं नाव लिंगव्वा ठेवलंय. वळसंगला लहानपणी आमच्या शेजारी एक लिंगव्वा होती, कानडी, अशीच उंच आणि कपाळाला आठी. यास्मीनही आता लिंगव्वाच म्हणते.

राणी मला वाईट वाटत नाही. नवव्या भागात ती लिंगव्वाच्या केसांत पांढरं फूल खोचते आणि डोळ्यांत पाणी आणते. मी ओळखलं, थोरलीची माया आहे, नवऱ्यापुढं चालत नाही एवढंच. आईला दोन्ही डोळे सारखेच असतात. ती काय बोलते ते मात्र लिही.

तुझ्या आईचंही मनाला लावून घेऊ नकोस. आदिनाथ तिला नऊ वर्षांनी झालेला. तू त्याच्या पाठीवर दहा-अकरा वर्षांनी आलीस, तोवर तिच्यातला जीव निम्मा त्याच्यापायी खर्ची पडला होता.

आता चांगली बातमी. श्रीपूरला कारखान्याजवळ एक घर आहे. थोरला उदयसिंह ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर लावतो. धाकटी प्रियदर्शनी, बी.ए. झालेली, शेतकरी नवरा चालेल म्हणते. तिच्या मावशीचे ब्लाऊज यास्मीनकडे येतात, तिथून कळलं. मी लगेच तुझ्या अण्णांना कळवलंय. आदिनाथ एकदा मार्गी लागला की घरचा घोर संपला. मग तू निवांत परीक्षा दे.

कस्तुराआत्या

---

वळसंग
१६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

राणीचं आधी सांगते, कारण तुझा गैरसमज झालाय. फूल खोचताना ती म्हणते, "सर्पांच्या राजाकडे एक मणी आहे. तो तुझ्या भावाच्या छातीत बसवला की त्याला तेज येईल. मणी द्यायला ते तयार आहेत. बदल्यात त्यांना सून हवी." डोळ्यांत पाणी येतं ते मणी मिळणार या आनंदानं.

आता आपल्या घरचं. तू कळवलेलं श्रीपूरचं ठिकाण आलं, दादाला बघून गेलं. पोरगी खरंच चांगली आहे. सगळं जमत आलं आणि त्यांच्या चुलत्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "पोरगी दिऊ की. पर आमच्या उदयसिंहाचं बी छत्तीस सरलंय. आमची तुमी करा, तुमची आमाला द्या. साटंलोटं करू, दोनी लग्नं एका मांडवात."

आई आत आली आणि मला साडी नेसायला सांगितली. मी म्हणाले, माझी परीक्षा आहे, आणि मला हे लग्न करायचं नाही. तर म्हणाली, "परीक्षा काय पळून जाती व्हय? मी बी साट्यातच आले की. तुझी आत्या माझ्या भावाला दिली, मला तुझ्या अण्णास्नी. कुनाचं काय वाईट झालं?"

तू माझी आत्याही आहेस आणि मामीही, हे मला लहानपणी गमतीचं वाटायचं. पण मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. तुझं काय झालं होतं?

संध्याकाळी दादा गोठ्यात माझ्या मागं आला. "उत्का, तू न्हाय म्हनलीस तर मी काय करू ते तूच सांग. माझ्याबरुबरची पोरं लेकरं शाळंला सोडायला जात्यात," म्हणाला आणि रडला. मला धड रागही आला नाही. राग यायला तरी समोरचा माणूस नालायक हवा.

दोन मार्चला रविवारी बैठक आहे. अण्णा म्हणाले, "साटं काय असतंय ते आक्कानं बघितलंय. आक्का म्हनंल ते." सगळं तुझ्यावर आलंय, आत्या. अण्णा तुझ्या शब्दाबाहेर जात नाहीत.

चौदावा भाग बैठकीआधी नक्की बघ. त्यात दरबार भरतो. राजा विचारतो, कुणाची हरकत आहे का. सगळे खाली बघतात. तेव्हा खांबाआडून राजाची थोरली बहीण पुढं येते, पांढऱ्या केसांची म्हातारी. तिला तरुणपणी असंच कुठंतरी दिलेलं असतं. ती काठी आपटते आणि म्हणते, नाही. पोर द्यायची नाही. आणि राजाला तिच्यापुढं बोलता येत नाही.

तुझीच,
उत्कर्षा

---

वेळापूर
२३ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा पोरी,

चौदावा भाग तीनदा बघितला. दरबार दिसला, खांब दिसले, लिंगव्वा गुडघ्यांवर बसलेली दिसली. म्हातारी काही मला दिसली नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू म्हणतेस तर असेल.

मण्याच्या बदल्यात पोर, हे जरा अतीच झालं. आमच्या वेळी निदान पोरीच्या बदल्यात पोर होती.

माझं काय झालं होतं विचारतेस. काय व्हायचंय, संसार झाला. तुझ्या मामांना जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी काय बोलायचं.

बैठकीला येते. पहाटेच्या एसटीनं निघते, सोलापूरला तुझा बाप महिपती घ्यायला येणार आहे. शेंगाचटणी कुटून आणते तुझ्यासाठी, खलबत्त्यातली, मिक्सरमधली नाही. जेवत जा.

कस्तुराआत्या

---

नर्सिंग होस्टेल, सोलापूर
११ मार्च २०२५

आत्या,

नऊ दिवस पेन घेऊन बसते आणि ठेवते.

त्या दिवशी तू सोप्यात खांबाला टेकून बसली होतीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि मला हसूच आलं. म्हटलं, आली बाई खांबाआडची म्हातारी. चहा मीच गाळला आणि चौदा कपांत एक थेंब सांडला नाही.

मग अण्णा तुझ्याकडं वळले आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आक्का, उत्कर्षा श्रीपुरात द्यायची आनि प्रियदर्शनी आपल्यात आनायची. तुझी काय हरकत न्हाय न्हवं?" तू त्यांच्याकडं बघितलंस. मग माझ्याकडं. आणि मान हलवलीस, हो म्हणून. लगेच बायका साखर वाटायला लागल्या. जाताना तू चटणीचा डबा माझ्या हातात दिलास आणि वर बघितलं नाहीस.

चार दिवस मी तुला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. पाचव्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. तुला अण्णांचे ओठ लागलेच नसणार. तू सगळ्यांनाच मान हलवतेस, कंडक्टरला, दुकानदाराला, दारावरच्या भाजीवाल्याला. बहिरेपण दिसू नये म्हणून. तुला वाटलं असेल, अण्णा आणखी चहाचं विचारताहेत. तसंच झालं ना? मला दुसरं काही खरंच वाटत नाही.

मग एवढं कर. अण्णांना चार ओळी लिही. मला प्रश्न कळला नव्हता, मान हलली ती चुकून, माझी हरकत आहे. बास. वीस एप्रिल धरलीय, पत्रिका अजून छापायच्यात. मी स्वतः दोनदा नाही म्हणाले, पण घरातल्या पोरीचं नाही कुणी धरत नाही. तुझं धरतील.

इथं मैत्रिणी म्हणतात पोलिसांत जा, निघून जा. गेले तर दादाचंही मोडतं आणि त्या प्रियदर्शनीचंही, तिनं माझं काय वाकडं केलंय? आणि आईनं विहिरीचं नाव घेतलंय. ती खरंच उडी मारणार नाही हे मला माहीत आहे. पण माहीत असून उपयोग होत नाही.

वाट बघते. चार ओळी.

उत्कर्षा

---

वेळापूर
२९ मार्च २०२५

उत्कर्षा,

तू मागितलेलं पत्र मी तुझ्या अण्णांना त्याच दिवशी टाकलं. तुला मात्र खोटं लिहिता येईना. तीन कागद फाडले.

मला कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता.

माझा डावा कान तापानं गेला असं सगळ्यांना ठाऊक आहे. ताप नव्हता, तुझ्या मामांचा हात होता. लग्नाला नववं वर्ष चालू होतं आणि भाकरी करपली होती. तेव्हापासून मी समोरच्याच्या ओठांकडं बघून ऐकते. पुढं उजवाही गेला, तोवर सवय पक्की झाली होती. महिपतीचे ओठ तर मी तो बोबडं बोलत होता तेव्हापासून ओळखते. चिनी माणसांचे तेवढे वाचता येत नाहीत.

कान गेला तेव्हा मी एक पिशवी घेऊन वळसंगला परत आले होते. नांदायचं नाही असं ठरवून. पण साट्याचा कायदा असा की मी नांदले नाही तर तुझी आईही माहेरी जाणार. तिला तेव्हा तिसरा महिना होता. तिनं माझे पाय धरले. म्हणाली, "वन्सं, नऊ वर्सांनी कूस उजवली. मला घालवू नगा." मी संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले. पिशवी सोडलीसुद्धा नव्हती.

पोटात होता तो आदिनाथ. माझा कान गेला आणि तो आला, असं माझ्या मनानं धरलं. मला मूल झालं नाही, तेव्हा सगळी माया त्याच्यावरच. तू आईला बोल लावतेस, पण सुट्टीत दोघं माझ्याकडं यायचात तेव्हा सायीची वाटी मी कुणापुढं ठेवायची, आठव. तुला मी सांगायची, तू शहाणी आहेस.

तुझी म्हातारी खरी नाही हेही मला ठाऊक होतं. यास्मीनला मशीन बंद करून तो भाग ऐकायला बसवलं होतं. ती म्हणाली, "मावशी, असं कुनी बी बोलत न्हाय." तेव्हाच कळलं, ती कोण आणि तिनं कुठं बोलायचंय. एसटीत वाटभर मी 'नाही' म्हणून बघत होते. शेजारची बाई जागा बदलून बसली.

आणि तिथं पोचले तर आदिनाथ दाढी करून, नवा सदरा घालून बसलेला. त्यानं माझ्या पाठीला उशी लावली. महिपतीनं विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि त्रेचाळीस वर्षांचं सगळं पाहुण्यांपुढं सोप्यात सांडलं असतं. तुझ्याकडं बघितलं, तू दारात हसत उभी होतीस. मान हलली. तिला दुसरं काही येत नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही, तुझी आई आली. एकटी. समोर बसून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलली. मी कशी ऐकते ते तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणाली, "पत्र मला गावलं. त्यास्नी दावलं न्हाय. वन्सं, तुमच्या गप बसन्यावर माझा संसार उभा ऱ्हायला. आता शेवटाला बोलू नगा." मग तिनं माझी खरकटी भांडी घासली, ओटा पुसला आणि गेली. तिलाही मी काही बोलले नाही.

पत्रिका मिळाली. आदिनाथचं नाव वर आहे, तुझं खाली.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू करशील, आणि मला ते सोसायचं नाही.

कस्तुरा

---

श्रीपूर
२२ जून २०२५

आत्या,

लग्नात तू पहिल्या रांगेत बसली होतीस आणि मी तुझ्याकडं बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. दोन महिने पत्रही लिहिलं नाही. आता राग धरायचाही कंटाळा आलाय.

परीक्षेचं विचारू नकोस. पुढच्या वर्षी बघू, म्हणतात सगळे. बघणार कोण ते कुणी सांगत नाही.

इथं वाईट नाही. गळीत हंगाम संपलाय, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, त्यामुळं हे दिवसभर घरात असतात. फार बोलत नाहीत. आमटी खारट झाली म्हणून एकदा ताट लोटलं. एकदाच. मी ताट उचललं, फरशी पुसली आणि वळसंगला फोन लावायला गेले. मग लावला नाही. मी इथून पाय उचलला की प्रियदर्शनीला तिथून उचलावा लागेल. आणि ती सुखात आहे, आत्या. दादा तिला मोटरसायकलवरून सोलापूरला नेतो. आई तिला साय घालते. माझी आई पोरीबाळीला साय वाढते हे मी पहिल्यांदाच ऐकलं, तेही तिच्या सुनेकडून.

परवा तिचाच फोन आला. "वन्सं, तुमी तितं बऱ्या हाय न्हवं?" काळजीनं विचारलं की भीतीनं, मला कळलं नाही. कदाचित तिलाही कळलं नसेल. मी व्हय म्हणाले. मानसुद्धा हलवली, फोनवर.

लिंगव्वाचं शेवटी काय झालं? होस्टेल सुटलं तेव्हा चाळिसावा भाग चालू होता. मणी धाकट्याच्या छातीत बसला होता आणि ती पालखीत होती. इथं फोन मला कामापुरता मिळतो. तू बघ आणि लिही. चित्रं त्यांची घे, बोलणं तुझ्या मनानं घाल. मीही तेच करत होते.

उत्कर्षा

---

वेळापूर
४ जुलै २०२५

उत्कर्षा पोरी,

अक्षर मोठं काढलंय, तुला लपवत वाचायचं असेल तर लवकर वाचून होईल. सोबत चटणी आहे.

शेवटचा भाग बघितला. लिंगव्वा सर्पांच्या घरी आहे. तलवार भिंतीला टांगलेली, ती चुलीपाशी. धाकटा तिकडं राजा झालाय, अंगात तेज आलंय, बहिणीची आठवण आली की तो जरा वेळ खिडकीत उभा राहतो आणि मग जेवायला जातो.

एक दिवस त्या घराच्या अंगणात म्हातारी येते. पांढऱ्या केसांची. तिच्या हातात काठीबिठी नाही, एक पिशवी आहे. खांब आहे तिथं, पण ती त्याच्याआड थांबत नाही, सरळ मधोमध येऊन उभी राहते. या वेळी तिचे ओठ मला वाचता आले. ती म्हणते, नाही. पोर द्यायची नाही.

लई उशिरा म्हणते. दरबार कधीच उठलेला असतो, माणसं जेवून आपापल्या घरी गेलेली असतात. लिंगव्वा तिला पाणी देते. म्हातारी पाणी पिते आणि परत तेच म्हणते. ऐकायला कुणी नसतं, तरी म्हणत राहते. मग पडदा काळा झाला.

यास्मीनला विचारू नकोस. तिला ती दिसायची नाही.

कस्तुराआत्या